व्हॉल्व्ह अँपची जवारी

बेळगावच्या शहापुरात एका मित्राच्या माडीवर आम्ही चौघे दर रविवारी वाजवायला बसतो. गिटार वाजवणाऱ्या मित्राकडे पाच वॉटचा छोटा व्हॉल्व्ह अँप आहे, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. आजची पोरं त्याला ट्यूब अँप म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने चँप नावाचा अँप काढला होता, त्याच्याच सर्किटच्या नकाशावर हा कुणीतरी हाताने बांधलाय. मित्राने तो बंगळूरहून जुना घेतला. एका रविवारी तो वैतागून म्हणाला, "आवाज हाय रे, पण नुसता राडा झालाय."

राडा हा शब्द मला फार नेमका वाटला. एक-एक तार छेडली की सूर गोड यायचा. आवाज चढवून चार-पाच तारा एकदम वाजवल्या की सगळे सूर चिखलात पाय रुतल्यासारखे एकमेकांत कालवले जायचे. मित्राने उपाय ठरवूनच ठेवला होता: महागडे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) मागवायचे आणि सगळे व्हॉल्व्ह बदलायचे. मी त्याला महिनाभर थांबायला सांगितलं. त्या महिन्यात आम्ही दोघांनी जे केलं आणि जे समजून घेतलं, ते इथे लिहितोय.

मी इंजिनिअर नाही. कॉलेजात असताना खडेबाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या हाताखाली दोन सुट्ट्या काढल्या, तेवढंच माझं शिक्षण. त्यांच्याकडे मर्फी, फिलिप्स, बुशचे व्हॉल्व्हवाले रेडिओ यायचे. कोणी आवाज चांगला करून मागितला की काका विचारायचे, "तुला नको काय हाय, ते आधी सांग की." तेव्हा हा प्रश्न मला उलटा वाटायचा. आता वाटतं, अँपच्या सगळ्या कामाची किल्ली त्यातच आहे.

मिरजेचा तंबोरा आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. त्याची जवारी लावताना कारागीर तारेत काही नवं घालत नाही. घोडीचा माथा अगदी किंचित घासतो, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो. तेवढ्यावर तार घोडीला कशी घासून जाते ते बदलतं आणि मूळ सुरातून वर उमटणाऱ्या सुरांपैकी कोणते ठळक व्हायचे ते ठरतं. तार तीच आणि भोपळाही तोच, पण जवारी खुली की बंद यावर तंबोऱ्याचा स्वभाव पालटतो. व्हॉल्व्ह अँपमध्ये फेरफार करणं हे माझ्या लेखी जवारी लावण्यासारखंच काम आहे. कुठले सूर पुढे जाऊ द्यायचे, कुठले आधीच थांबवायचे आणि कुठल्या टप्प्यावर, एवढंच आपल्या हातात असतं.

आता व्हॉल्व्ह करतो काय ते पाहू. हिडकलच्या धरणावर घटप्रभेचं पाणी अडवलंय. दरवाजा वर-खाली करणाऱ्या माणसाच्या अंगात त्या पाण्याएवढी ताकद नसते. तो फक्त दरवाजा हलवतो आणि त्याच्या हाताच्या हालचालीप्रमाणे पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि समोरची प्लेट, जिच्यावर दोन-तीनशे व्होल्ट असतात, ते ओढून घेते. मध्ये तारेची बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारमधून आलेला इवलासा विजेचा झोका या ग्रिडवर पडतो, म्हणजे तो दरवाजा हलवतो. लोंढा येतो तो वीजपुरवठ्यातून. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये ग्रिड नसलेला व्हॉल्व्ह केला आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात ही जाळी घातली. तिथून रेडिओचा आणि अँपचा रस्ता खुला झाला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले. काकांच्या लाकडी खोक्यात त्यांचे पुठ्ठ्याचे डबे मी स्वतः पाहिलेत.

चँपसारख्या अँपमध्ये गिटारचा झोका आधी १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हकडे जातो. या एका काचेत खरं तर दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला अर्धा झोका वाढवतो, मग एक कंडेन्सर येतो, मग व्हॉल्यूमचं बटण. नंतर दुसरा अर्धा पुन्हा वाढवतो, पुन्हा एक कंडेन्सर, आणि शेवटी ६व्ही६ हा मोठा व्हॉल्व्ह. तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. एवढी लहान साखळी असल्यामुळे शिकायला हा अँप फार चांगला. काय बदललं की काय झालं, ते लगेच ऐकू येतं.

दरवाजा पुरता बंद झाला की त्याहून बंद होत नाही आणि पुरता उघडला की त्याहून उघडत नाही. गिटारचा झोका फार मोठा झाला की दोन्ही टोकांना तो कापला जातो. व्हॉल्व्हमध्ये हे कापणं एकदम होत नाही, कडा आधी गोल होतात आणि मग सपाट. या गोल होण्यातून नवे सूर जन्माला येतात. एकट्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात सुरुवातीला ठळक होतो तो मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच षड्ज. आणखी रेटलं की तिप्पट कंपनांचा सूर वाढतो, तो त्या सप्तकातला पंचम. तंबोऱ्यात कान लावून गांधार ऐकला असेल, तो पाचपट कंपनांचा. म्हणजे व्हॉल्व्हचा गोडवा आणि तंबोऱ्याचा गोडवा एकाच घराण्यातले आहेत. व्हॉल्व्हचा आवाज ऊबदार असतो असं नुसतं म्हणून लोक थांबतात, पण त्या ऊबेमागे हे गणित आहे.

मग राडा कुठून येतो?

एकच तार वाजते तेव्हा नव्याने जन्मणारे सगळे सूर त्याच तारेचे नातेवाईक असतात. दोन तारा एकत्र वाजल्या की व्हॉल्व्ह दोघींची बेरीज आणि वजाबाकी करून आणखी सूर तयार करतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२.४ वेळा कंप पावते. तिच्यासोबत तिचा पंचम वाजवला, म्हणजे १२३.५, तर वजाबाकी येते ४१.१. हा जवळजवळ बरोबर निम्मा आकडा, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच षड्ज. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी कितीही तापलेल्या, म्हणजे झोका कापला जाईपर्यंत रेटलेल्या, अँपमधून काढा, ती जाड आणि भरदार वाजते. रॉक वाजवणारे तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

आता पंचमाऐवजी गांधार घ्या. गिटारच्या पडद्यावर तो १०३.८ ला येतो. नैसर्गिक गांधार १०३.० ला असायला हवा. हार्मोनियमचा गांधार चढा लागतो ही गवय्यांची तक्रार आपण ऐकलेली असते, गिटारचे पडदे त्याच मापाने बसवलेले असतात. जाड तारेचा पाचपट सूर येतो ४१२.० ला आणि गांधाराचा चौपट सूर येतो ४१५.३ ला. हे दोन जवळ-जवळचे सूर एकमेकांवर आदळून सेकंदाला तीनेक वेळा थरथर निर्माण करतात. साध्या आवाजात ती थरथर बारीक असते. अँप तापवला की नेमके हेच वरचे सूर मोठे होतात, म्हणून थरथर कानावर येते. पंचमाच्या जोडीत असाच हिशोब केला तर २४७.२ आणि २४६.९, म्हणजे थरथर जवळपास नाहीच.

त्यात जाड तारेचा झोका सर्वांत मोठा असतो. ती एकटीच दरवाज्याला टोकापर्यंत नेते आणि तिच्या झोक्यावर बसून आलेले बारीक तारांचे सूर तिच्यासोबत कापले जातात. मित्राच्या राड्याचं मूळ इथे होतं. त्याला अँपमध्ये काही जास्तीचं नको होतं. खर्जाचा भाग व्हॉल्व्ह तापण्याच्या आधी थोडा कमी करायला हवा होता. हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, आणि यात "आधी" हा शब्द महत्त्वाचा. सूर कापले गेल्यावर टोनच्या बटणाने खर्ज कमी केला तर राडा तसाच राहतो, फक्त पातळ होतो. आधी खर्ज उतरवून मग तापवलं आणि शेवटी स्पीकरच्या पेटीने तो परत दिला, तर आवाज भरदारही राहतो आणि प्रत्येक सूर सुटाही ऐकू येतो.

मोठ्या कंपन्यांच्या इतिहासातही हाच धडा दिसतो. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये पहिला मार्शल अँप तयार झाला तो फेंडरच्या बासमन या अँपच्या नकाशावरून, आणि बासमन बनवलेला होता बास गिटारसाठी. पुढे मार्शलच्या गिटारच्या अँपमध्ये पहिल्याच टप्प्यावर कॅथोडचा कंडेन्सर पार लहान झाला, ०.६८ मायक्रोफॅरड (हे कंडेन्सरच्या आकाराचं माप). रॉक गिटारचा जो धारदार, पुढे येणारा आवाज आपण ओळखतो, त्यात या लहानशा कंडेन्सरचा मोठा वाटा आहे.

हात घालण्यापूर्वी

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. ट्रान्झिस्टरचा अँप उघडणं आणि व्हॉल्व्हचा अँप उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. छोट्या चँपमध्येही ३०० व्होल्टच्या वर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, असते, मोठ्या अँपमध्ये ४५० किंवा त्याहूनही जास्त. पिन काढून ठेवली तरी फिल्टरच्या, म्हणजे पुरवठ्याची वीज सपाट करणाऱ्या, कंडेन्सरमध्ये ती साठून राहू शकते. तेवढी वीज छातीतून गेली तर माणूस जाऊ शकतो.

घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. आरसीसीबी फक्त मेन लाइनमधून जमिनीकडे गळणारी वीज ओळखतो. अँपमधली ३०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची असते, तिचा मेन लाइनशी थेट संबंध नसतो. तिचा धक्का बसला तर आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. ही गोष्ट मला चांगल्या अनुभवी वायरमनलाही समजावून सांगावी लागली आहे.

आम्ही पाळतो ती पद्धत अशी. पिन भिंतीतून काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायची. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना क्लिपच्या वायरी जोडायच्या आणि उघडे भाग टेपने झाकायचे. एक क्लिप चॅसीला, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्याला, लावायची, दुसरी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, आणि तेही एकाच हाताने, दुसरा हात पाठीमागे. दहा सेकंद थांबून मीटरने मोजायचं. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत घालायचं नाही. रिकामा केलेला कंडेन्सर थोड्या वेळाने आपोआप किंचित भरतो, म्हणून काम संपेपर्यंत क्लिप तशीच राहू द्यावी आणि चालू करण्याआधी आठवणीने काढावी. पायाखाली रबरी चटई हवी. आमच्याकडे श्रावणात शहाबादी फरशीला पाणी सुटतं, अशा दिवशी आम्ही अँप उघडतच नाही. घुमणारा आवाज जातो म्हणून कोणी अर्थची पिन कापायला सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

आणखी एक. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अँप कधीही वाजवायचा नाही. भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळी मारतं आणि त्याचं इन्सुलेशन जळू शकतं. तो ट्रान्सफॉर्मर अँपमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो.

हे वाचून भीती वाटली असेल तर डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम जाणकाराकडून करून घ्या. काय करून हवं ते सांगता आलं तरी अर्धं काम झालं.

सोल्डरिंग न करता होणारे बदल

सर्वांत मोठा बदल स्पीकरने होतो. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांच्या मिळून फरकापेक्षा कित्येकदा एकट्या स्पीकरचा फरक जास्त असतो. मित्राच्या अँपमध्ये आठ इंची स्पीकर होता. आम्ही एका ओळखीच्याकडून बारा इंची गिटारचा स्पीकर लाकडी पेटीसकट आणून दोन दिवसांसाठी जोडला. खालचा भाग मोकळा झाला आणि आवाजही वाढल्यासारखा वाटला. तोही भास नव्हता. स्पीकरची संवेदनशीलता तीन डेसिबलने जास्त असेल तर पाच वॉटचा अँप दहा वॉटच्या अँपएवढा वाजतो. जोडताना ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, जुळवावे लागतात. चारच्या जागी चार, आठच्या जागी आठ.

इथे आपल्या भागात एक चूक सर्रास होते. गणेशोत्सवाच्या मंडपात लावतात ते पीएचे स्पीकर गावोगावी मिळतात, कोन आणि कॉइल बांधून देणारे कारागीरही आहेत, म्हणून लोक तेच गिटारला लावतात. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५००० कंपनांच्या, वर झपाट्याने उतरत जातो आणि तापलेल्या व्हॉल्व्हची बोचरी करकर तिथेच गळून पडते. ट्विटर (उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर) असलेला किंवा उंच सूर स्पष्ट काढणारा पीएचा स्पीकर ती करकर इमानदारीने कानापर्यंत पोचवतो. गाण्यासाठी तो उत्तम, तापलेल्या गिटारसाठी कामाचा नाही.

दुसरा बदल व्हॉल्व्हचा. नुसती कंपनी बदलून फरक पडतो, पण थोडा. प्रकार बदलला तर स्पष्ट पडतो. १२एएक्स७ चा वाढवण्याचा गुणांक १००. त्याच खोबणीत बसणाऱ्या ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६० आणि १२एवाय७ चा ४४. १२एवाय७ बसवला की अँप उशिरा तापतो आणि व्हॉल्यूमच्या बटणाला जास्त जागा मिळते. आम्ही तो बसवून पाहिला. राडा कमी झाला, पण मित्राला हवा असलेला तापही गेला. त्यावरून एवढं कळलं की वाढ कमी करणं हा त्याच्या दुखण्यावरचा इलाज नाही.

दोन कंडेन्सर

१२एएक्स७ च्या कॅथोडला १५०० ओहमचा रेझिस्टर असतो आणि त्याच्या शेजारी कित्येकदा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कंडेन्सर असला की हा टप्पा झोका साधारण ६० पट वाढवतो, काढून टाकला तर साधारण ३० पट. कंडेन्सरचा स्वभाव असा की उंच सुरांना तो सहज वाट देतो आणि खालच्या सुरांना अडवतो. किती खालच्या, ते त्याच्या आकारावर ठरतं. २५ चा असेल तर गिटारच्या सगळ्या सुरांना वाट मिळते. त्याच्या जागी १ मायक्रोफॅरडचा लावला तर वरच्या सुरांना ६० पट वाढ मिळत राहते, साधारण २०० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ती उतरू लागते आणि त्याखाली ३० पटीकडे जाते. म्हणजे खर्ज मरत नाही, तो निम्म्यावर येतो. जाड तारांचा झोका आवरला जातो आणि मधल्या तारा पुढे येतात.

मला हा बदल फार आवडतो. एक स्वस्त कंडेन्सर, दोन डाग, आणि पटलं नाही तर पाच मिनिटांत पूर्ववत. कॅथोडवर दोनेक व्होल्टच असतात, त्यामुळे ५० व्होल्टचा साधा कंडेन्सर पुरतो. इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याची मायनस बाजू चॅसीकडे. आम्ही मागच्या बाजूला एक छोटा स्विच बसवला: एकीकडे १, दुसरीकडे २५.

दुसरी जागा दोन टप्प्यांमधल्या कंडेन्सरची. त्याचं काम आधीच्या प्लेटवरची डीसी अडवून फक्त झोका पुढे सोडणं. तो कुठल्या सुराखाली कापायला लागतो ते एका सोप्या भागाकाराने निघतं. १,५९,००० ला त्या कंडेन्सरच्या मायक्रोफॅरडने आणि पुढच्या रेझिस्टरच्या ओहमने भागायचं. ०.०२२ चा कंडेन्सर आणि १० लाख ओहमचा व्हॉल्यूम असेल तर उत्तर ७ हर्ट्झ, म्हणजे गिटारसाठी काहीच कापलं जात नाही. ०.००२२ लावला तर ७२ हर्ट्झ. हा आकडा जाड तारेच्या ८२ च्या इतका जवळ आहे की तिचा मूळ सूर बऱ्यापैकी उतरतो. कॅथोडच्या कंडेन्सरपेक्षा हा कडक, कारण इथे कापलेलं निम्म्यावर थांबत नाही, खाली-खाली जात राहतं. इथे ६३० व्होल्टचाच कंडेन्सर हवा. प्लेटवर दीड-दोनशे व्होल्ट असतात आणि चालू केल्यावर व्हॉल्व्ह गरम होण्याआधीच्या काही सेकंदांत तर पुरवठ्याचे सगळे व्होल्ट तिथे येऊ शकतात.

महागड्या कंडेन्सरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तांब्याचे, चांदीचे, तेलातले असे हजारो रुपयांचे कंडेन्सर विकतात. सारख्याच मापाचा साधा, चांगल्या प्रतीचा फिल्म कंडेन्सर लावून आम्ही पाहिला आहे. माप बदललं की फरक पडदा सरकवल्यासारखा कळतो. किंमत बदलली तर मला कळला नाही, मित्रालाही नाही. ते पैसे स्पीकरला द्यावेत.

चँपमध्ये स्पीकरकडून १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्याकडे परत जाणारी एक वायर असते, २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. तिला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. निघालेला आवाज थोडासा उलटा करून आत द्यायचा, म्हणजे चूक आपोआप आवरली जाते. ती सोडली तर आवाज वाढतो, अँप लवकर तापतो आणि स्पीकरचा खर्ज सैल होतो. ब्लूज वाजवणाऱ्यांना हा मोकळेपणा आवडतो. आमच्याकडे आधीच राडा होता, म्हणून आम्ही ती तशीच ठेवली.

विजेचा दाब आणि पाऊस

आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. दहा टक्के वर-खाली धरलं तर २०७ ते २५३. अँपच्या आतलं सगळं त्याच प्रमाणात वर-खाली होतं. म्हणून रात्री उशिरा, वापर कमी असताना अँप करकरीत वाजतो आणि संध्याकाळी तोच अँप मऊ वाटतो, असं आमच्या अनुभवाला आलं. फेरफाराची तुलना करायची तर शक्यतो एकाच वेळी करा आणि मीटरवर दाब बघून घ्या, नाहीतर विजेच्या चढ-उताराचं श्रेय कंडेन्सरला जाईल. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अँप असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, म्हणून त्या अँपचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो.

मोठा व्हॉल्व्ह जास्त भाजतोय का तेही मोजून घ्या. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर असतो. आमच्याकडे त्यावर १९ व्होल्ट आले. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले दोन-तीन स्क्रीनकडे (६व्ही६ मधली दुसरी जाळी) जातात, उरलेले ३८ धरू. प्लेट आणि कॅथोडमध्ये ३०० व्होल्ट मिळाले, म्हणजे ११.४ वॉट. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ वॉट, त्यामुळे ठीक. सत्तर टक्क्यांवर ठेवा असा नियम बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळा ठरावीक दाब देणाऱ्या), जोडीने चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या अँपसाठी आहे. चँपसारखा एकट्या व्हॉल्व्हचा अँप मुळातच मर्यादेजवळ चालवतात.

अँप घुमत असेल तर आवाज सुधारण्याच्या मागे लागू नका, आधी ते घुमणं शोधा. यासाठी गिटारच पुरते. जाड तारेचा तिसरा पडदा दाबून वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. घुमण्याचा सूर याच्या जवळ असेल तर ते १०० हर्ट्झ, म्हणजे बहुतेक फिल्टरचे कंडेन्सर म्हातारे झालेत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांनी थकतातच. घुमणं एक सप्तक खाली असेल तर ते ५० हर्ट्झ. मग व्हॉल्व्हच्या तापतारेची वायरिंग, अर्थिंग किंवा गिटारचे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे भाग) बघायचे.

पावसाबद्दल बेळगाव, खानापूर, जांबोटी पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. जुन्या अँपमध्ये सगळे भाग ज्या काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असतात, ती ओल धरते. ओल धरली की तिच्यातून थोडी वीज गळते आणि मग चरचर, फटफट सुरू होते. जुलैत अचानक बिघडलेला आवाज उन्हाळ्यात आपोआप सुधारला तर कंडेन्सरवर संशय घेण्याआधी ही पट्टी तपासा. आम्ही अँपच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि आठवड्यातून एकदा तासभर तो वाजवतो. व्हॉल्व्हच्याच उष्णतेने आतली ओल जाते.

महिन्याच्या शेवटी मित्राच्या अँपमध्ये एकूण काय बदललं? कॅथोडला स्विच लागला. मधला कंडेन्सर ०.०२२ चा काढून ०.००२२ चा लावला. माडीवर तो इतका सुंदर वाजला की आम्ही तिघांनी वाजवणं थांबवून ऐकलं. गांधारासकट पूर्ण कॉर्ड सुटासुटा ऐकू येत होता. पुढच्या आठवड्यात टिळकवाडीत एका लग्नाच्या हॉलमध्ये वाजवायला गेलो तेव्हा तोच आवाज बारीक आणि पोकळ झाला. माडीच्या कोपऱ्यात भिंती खर्ज परत देत होत्या, हॉलमध्ये द्यायला जवळ भिंतच नव्हती. परत आलो, दहा सेकंद क्लिप लावून थांबलो, मीटर बघितला आणि मधला कंडेन्सर पुन्हा जुना बसवला.

अँपच्या मागच्या फळीला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर प्रत्येक बदलाची तारीख, माप, कुठल्या जागी वाजवला ते आणि एका ओळीत काय ऐकू आलं ते लिहितो. शेवटची नोंद मित्राच्या अक्षरात आहे: "मधला ०.०२२ परत. घरी स्विच १ वर, हॉलला २५ वर. राडा नाही."